‘पुरे’ म्हणणारा जंतू

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पुसद आणि पुसा. दोन्ही नावांत एकाच अक्षराचा फरक. पहिले आपले, पूस नदीच्या काठावरचे, पैनगंगेच्या खोऱ्यातले. दुसरे बिहारमधले. तिथे १९०५ साली इंग्रज सरकारने शेतीच्या संशोधनाची मोठी संस्था उभारली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात तिची इमारत पडली आणि १९३६ साली संस्था दिल्लीला हलली. दिल्लीतल्या त्या भागाला आणि संस्थेला लोक आजही ‘पुसा’च म्हणतात. कृषी खात्याच्या पत्रकांवर ते नाव वाचताना आपल्याकडच्या मुलांना हमखास वाटते, की शेवटचा ‘द’ छापायचा राहिला! मी वर्गात विज्ञान शिकवत असताना हा विनोद दरवर्षी एकदा तरी व्हायचा.

आज ज्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे, तिचा एक धागा त्या पुसाशी जोडलेला आहे आणि दुसरा आपल्या पुसदच्या वावरातल्या तुरीशी.

साधारण २००० सालची गोष्ट. पावसाळा अर्धा उलटला होता. मुलांना दाखवण्यासाठी मी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावरचे तुरीचे झाड मुळासकट उपटले. हलक्या हाताने माती झाडली. मुळांवर बारीक बारीक गाठी होत्या. एक गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी निघाली. ‘या गाठीत जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र धरतात आणि झाडाला देतात. म्हणून तुरीला खत कमी लागते,’ असे मी नेहमीप्रमाणे सांगितले. ते काका मुलांच्या मागे उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, ‘‘गुरुजी, त्या जंतूचं काय अडलं हाये आपल्यासाठी राबाले? स्वतःच नाही खाऊन टाकत तो?’’

मुले हसली. मीही हसलो आणि पुस्तकातले उत्तर दिले : हे सहजीवन आहे, झाड जिवाणूला साखर देते, जिवाणू झाडाला नत्र देतो, दोघे मित्र आहेत. काकांनी मान डोलावली. पण त्यांचे समाधान झालेले दिसत नव्हते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. मैत्री हे काही उत्तर नव्हे. नत्र ही जिवाणूचीही गरज आहे. हाती आलेला नत्र तो स्वतः का वापरत नाही? या एका प्रश्नामागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, हे मला पुढे हळूहळू कळत गेले.

गाठींचा शोध

डाळवर्गीय पिकाने जमिनीचा कस वाढतो, हे आपल्या बापजाद्यांना ठाऊकच होते. ज्वारीत तुरीचे तास टाकण्याची पद्धत काही कुणा शास्त्रज्ञाने शिकवली नाही. पण असे का होते, हे मात्र १८८८ साली कळले. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ या दोघांनी दाखवले, की वाटाण्यासारख्या पिकांना हवेतला नत्र मिळतो तो मुळांवरच्या गाठींमुळे. माती भाजून निर्जंतुक केली तर गाठी येत नाहीत आणि पीक नत्रावाचून उपाशी राहते. त्याच वर्षी हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. त्यालाच आपण आज रायझोबियम म्हणतो.

आपल्या देशात या जिवाणूचा पहिला पद्धतशीर अभ्यास झाला तो पुसाला. तिथल्या जंतुशास्त्र विभागातल्या एन. व्ही. जोशी यांनी १९२० साली डाळवर्गीय झाडांच्या मुळांवरील गाठींच्या जिवाणूवरचा प्रबंध प्रसिद्ध केला. हरितक्रांतीच्या नावांमध्ये जोशींचे नाव सहसा येत नाही. पण आज कृषी सेवा केंद्रात जिवाणू संवर्धकाचे जे २५० ग्रॅमचे पाकीट मिळते, त्याची भारतातली वंशावळ काढायला बसलो, तर ती जोशींच्या टेबलापर्यंत जाते.

गाठीत जिवाणू आहे आणि तो नत्र धरतो, एवढे कळले. पण धरलेल्या नत्राचे तो पुढे काय करतो आणि कधी करत नाही, हे कळायला आणखी बराच काळ जायचा होता. त्यासाठी आधी जिवाणूच्या स्वयंपाकघरात डोकवावे लागले.

भाकरी, वरण आणि वीस अमिनो आम्ले

आपल्या ताटापासून सुरुवात करू. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण ही आपल्याकडची जुनी जोडी. प्रथिने ही अमिनो आम्लांची माळ असते. अशी वीस प्रकारची अमिनो आम्ले असतात. त्यांतली नऊ माणसाच्या शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच घ्यावी लागतात. त्यांपैकी लायसिन हे अमिनो आम्ल ज्वारीच्या प्रथिनात फार कमी असते. तुरीच्या प्रथिनात ते ज्वारीच्या सुमारे तिप्पट असते. उलट मिथिओनिन हे अमिनो आम्ल डाळीत कमी पडते, ती कसर धान्य भरून काढते. लायसिन हा शब्दही न ऐकलेल्या आपल्या आज्यांनी ही बेरीज बरोबर जमवली होती.

१९६४ साली सी.एस.एच.-१ हे संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते आणि संकरित ज्वारीचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. पोट भरण्याचा प्रश्न तेव्हा पहिला होता, आणि तो योग्यच होता. पण ताटातले नुसते धान्य वाढून भागत नाही. डाळही लागते, आणि डाळीतले प्रथिन म्हणजे शेवटी गाठीतल्या जिवाणूने धरलेला नत्रच असतो.

आता जिवाणूकडे पाहू. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जिवाणू घ्या. त्याला थोडी साखर, थोडा अमोनिया आणि काही क्षार द्या. एवढ्या शिदोरीवर तो विसाच्या वीस अमिनो आम्ले स्वतः बनवतो. जे माणसाला जमत नाही, ते याला जमते. पण ही कला महागडी आहे. एकेक अमिनो आम्ल बनवायला अनेक पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम, म्हणजे काम घडवून आणणारे प्रथिन, बसलेले असते. शक्ती खर्च होते. ट्रिप्टोफॅन तर सगळ्यांत खर्चिक. अशा वेळी गरजेपेक्षा जास्त माल बनवणारा जिवाणू शर्यतीत मागे पडणार आणि कमी बनवणारा उपाशी मरणार. मग किती बनवायचे, हे त्याला सांगते कोण?

लग्नाची पंगत आठवा. आचारी भट्टीवर पुऱ्या तळतो आहे. पंगतीत किती जण बसले, कोणी किती खाल्ले, हे त्याला दिसत नाही. वाढपी परत येऊन ओरडतो, ‘पुऱ्या पुरे!’ आणि आचारी कढई उतरवतो. म्हणजे शेवटच्या टोकाची बातमी पहिल्या टोकाला पोचली पाहिजे. जिवाणूत हा वाढपी कोण, हा प्रश्न १९५० च्या दशकात ऐरणीवर आला.

शेवटचा माल पहिल्याला थांबवतो

वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत रिचर्ड रॉबर्ट्स आणि त्यांचे सहकारी किरणोत्सारी कार्बन वापरून ई. कोलायचे हिशेब तपासत होते. त्यांना दिसले, की एखादे अमिनो आम्ल बाहेरून आयते दिले, की जिवाणू ते स्वतः बनवणे जवळजवळ सोडून देतो. घरात आयता डबा आला की चूल पेटवायची नाही, असा हा व्यवहार.

शिकागोत लिओ झिलार्ड आणि अॅरन नोविक या दोघांनी १९५४ साली ट्रिप्टोफॅनच्या साखळीवर काम केले. हे दोघेही अणुबॉम्बच्या प्रकल्पातले. युद्ध संपल्यावर ते जीवशास्त्राकडे वळले होते. त्यांनी घेतलेल्या जिवाणूची साखळी मध्येच तुटलेली होती, त्यामुळे अर्धवट तयार झालेला माल साठत राहायचा. पण बाहेरून ट्रिप्टोफॅन घातले, की हा अर्धवट मालही बनायचा थांबला. म्हणजे शेवटचा पदार्थ साखळीच्या सुरुवातीलाच अडवतो, हे उघड झाले.

पण अडवतो कसा? याचे नेमके उत्तर १९५६ साली हार्वर्डमधल्या एडविन अंबार्गर यांनी दिले. थ्रिओनिनपासून आयसोल्यूसिन हे अमिनो आम्ल पाच पायऱ्यांनी बनते. अंबार्गर यांनी पहिल्या पायरीवरचे एन्झाइम घेतले आणि त्यात तयार आयसोल्यूसिन मिसळले. एन्झाइमचे काम मंदावले. मधल्या कुणाला विचारावे लागले नाही. शेवटच्या मालाने थेट पहिल्या कारागिराचा हात धरला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या येट्स आणि पार्डी यांना डीएनए-आरएनएच्या घटकांच्या साखळीत हाच प्रकार आढळला. याला फीडबॅक म्हणजे परतीचा निरोप असे म्हणू लागले.

इथे एक कोडे होते. एन्झाइम आणि त्याचा कच्चा माल यांचे नाते कुलूप-किल्लीचे असते, असे मानले जायचे. थ्रिओनिनची किल्ली त्या कुलपात बसते, हे ठीक. पण आयसोल्यूसिनचा आकार वेगळा. मग ते त्याच कुलपात कसे शिरते? पॅरिसच्या पाश्चर संस्थेत जाँ-पिएर शाँज्यू हा तरुण संशोधक याच एन्झाइमवर काम करत होता. त्याला दिसले, की एन्झाइमला बेताची उष्णता दिली, तर ते काम करत राहते. पण आयसोल्यूसिनचे ऐकेनासे होते. म्हणजे काम करण्याची जागा वेगळी आणि निरोप ऐकण्याची जागा वेगळी! निरोपाच्या जागी आयसोल्यूसिन बसले, की सगळ्या प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि दूरवरच्या कामाच्या जागेवर त्याचा परिणाम होतो.

१९६३ आणि १९६५ साली जाक मोनो, शाँज्यू आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेला पक्के रूप दिले. प्रथिन म्हणजे निर्जीव कुलूप नव्हे, ते वळते, ताठते, सैल पडते, हे तेव्हा प्रथमच ठसले. मोनो, जाकोब आणि ल्वॉफ यांना १९६५ चे नोबेल मिळाले. ते मुख्यतः जनुकांच्या नियंत्रणासाठी होते, पण हा विचारही त्याच घरातला.

कोतवालाचा बिल्ला

एका अमिनो आम्लाची साखळी अशी सुटसुटीत सांभाळता येते. पण सगळ्या साखळ्या ज्या एका जागेवरून फुटतात, त्या जागेचे काय? ती जागा म्हणजे ग्लुटामिन. अमोनियातला नत्र पेशीत घेताना तो ग्लुटामेटला जोडून ग्लुटामिन बनते आणि तिथून तो घरोघरी वाटला जातो. हे काम करणारे एन्झाइम म्हणजे ग्लुटामिन सिंथेटेज. नत्राचे हे जणू तालुक्याचे कोठार.

अमेरिकेत बेथेस्डा येथे अर्ल स्टॅटमन यांनी या कोठाराचा अभ्यास आरंभला. १९६४ साली त्यांना आढळले, की आठ वेगवेगळे शेवटचे पदार्थ त्याला थोडे थोडे थोपवतात. एकट्याने कोणीच पूर्ण बंद करत नाही. सगळे मिळून करतात. गावकऱ्यांनी सह्या केल्याशिवाय कोठार बंद होणार नाही, असा बंदोबस्त. सूक्ष्मदर्शकाखाली हे एन्झाइम दिसले ते दोन षटकोनी कड्यांसारखे, एकावर एक ठेवलेले, बारा तुकड्यांचे.

पुढे १९६७ च्या सुमारास आणखी एक गोष्ट कळली. या बारा तुकड्यांना एकेक छोटी खूण चिकटवली, की कोठार मंदावते. खूण काढली, की पुन्हा जोमात चालते. ही खूण लावणारे आणि काढणारे प्रथिन एकच. मग लावायची की काढायची, हे त्याला कोण सांगते? १९६९ साली स्टॅटमन यांच्या प्रयोगशाळेतल्या बेनेट शपिरो यांनी हे मिश्रण गाळून वेगळे केले, तेव्हा त्यातून एकामागून एक दोन भाग निघाले. पहिल्याला नाव पडले पी-वन आणि दुसऱ्याला पी-टू. ते घाईत दिलेले नाव आजही तसेच आहे.

पी-टू स्वतः काहीच बनवत नाही. तो आपल्या जुन्या गावातल्या कोतवालासारखा आहे. कोतवाल शेती करत नसे, दुकान चालवत नसे. पण तो कुणाच्या दारात उभा राहिला, त्यावर गावाचे काम हलायचे. पेशीत नत्राचा दुष्काळ असला, की पी-टूच्या तिन्ही तुकड्यांवर एक रासायनिक बिल्ला चढवला जातो. बिल्ला लावलेला पी-टू त्या खूण लावणाऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, तेव्हा ते खुणा काढून टाकते आणि कोठार उघडते. नत्र मुबलक झाला, की बिल्ला उतरतो. बिनबिल्ल्याचा पी-टू त्याच प्रथिनापाशी जातो आणि आता ते खुणा चिकटवते, कोठार मंदावते. एकच कोतवाल, एकच दार. फक्त छातीवर बिल्ला आहे की नाही, एवढ्यावर हुकूम फिरतो. शिवाय पेशीत कार्बनचा साठा किती, शक्ती किती, याचेही भान पी-टू ठेवतो, कारण त्या पदार्थांनाही तो धरून पाहतो.

बिल्ल्याचे हे गणित उलगडणाऱ्या १९७१ च्या शोधनिबंधात मायकेल ब्राउन हे नाव आहे. हा तरुण डॉक्टर पुढे टेक्सासला गेला आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांच्यासह कोलेस्टेरॉलच्या मागे लागला. बाहेरून कोलेस्टेरॉल मिळाले, की आपली पेशी ते स्वतः बनवणे कमी करते; आणि बाहेरचे आत घेणारे दार सदोष असले, की हा हिशेब बिघडतो, हे या दोघांनी दाखवले. १९८५ चे नोबेल त्यांना मिळाले. आज घरोघरी जी कोलेस्टेरॉलची गोळी घेतली जाते, तिची समज तयार होण्यात या कामाचा मोठा वाटा आहे. जिवाणूचा अमोनिया मोजण्यात घालवलेली वर्षे वाया गेली नाहीत, ती अशी.

धानाच्या बांधीत आणि मंच्युरियनच्या गाडीवर

पी-टूची हद्द एका कोठारापुरती नाही, हे नंतर कळले. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत पाण्यावर निळे-हिरवे शेवाळ दिसते. शेवाळ म्हणत असलो तरी हेही जिवाणूच. ते धानाला नत्र पुरवते, हे ढाक्याच्या पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवले होते. या कुळातल्या जिवाणूंवर काम करताना २००४ साली जर्मनी आणि स्पेनमधल्या गटांना दिसले, की नत्र भरपूर असताना पी-टू थेट आर्जिनिन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या एन्झाइमला जाऊन मिठी मारतो. एरवी आर्जिनिन साठले की ते एन्झाइम ‘पुरे’ म्हणून थांबते. पण पी-टूच्या मिठीत ते आर्जिनिनचे ऐकेनासे होते आणि बनवतच राहते. नत्राचा सुगीचा काळ आहे, भरून ठेवा, असा हा हुकूम. आर्जिनिन असलेल्या कणांच्या रूपात नत्र पेवात भरला जातो. २००७ साली या मिठीचे चित्र स्फटिकांतून मिळाले : मध्ये सहा तुकड्यांचे एन्झाइम, वर एक पी-टू, खाली एक पी-टू, दोन भाकऱ्यांमध्ये पिठले ठेवावे तसे.

त्याच वर्षी ई. कोलायमधलेही एक चित्र मिळाले. अमोनिया आत घेणाऱ्या दाराला तीन तोंडे असतात. नत्र पुरेसा झाला, की पी-टूचा भाऊ जीएलएन-के हे प्रथिन आपली तीन बोटे त्या तीन तोंडांत बुचासारखी घालते. दार बंद.

माणसाने या सगळ्याचा व्यापारही केला. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्श्यातली चव शोधली. ती ग्लुटामेटची होती. तीच आपल्याकडे अजिनोमोटो म्हणून मंच्युरियनच्या गाडीवर पोचली. १९५७ साली शुकुओ किनोशिता यांच्या गटाने मातीतला एक जिवाणू शोधला, जो ग्लुटामेट बनवतो आणि बाहेर ओततो. पेशी एवढी उधळी का होते, याचे एक मोठे कारण २००६-०७ साली सापडले. तेही दोन प्रथिनांच्या भेटीतच होते. ओडीएच-आय नावाचे एक छोटे प्रथिन कार्बन जाळणाऱ्या एन्झाइमवर जाऊन बसते. तिकडची वाट अडली, की माल ग्लुटामेटच्या वाटेने वळतो. याच जिवाणूच्या बहिऱ्या केलेल्या जाती, म्हणजे लायसिनचा ‘पुरे’ हा निरोप ऐकू न येणाऱ्या जाती, आज कोंबड्यांच्या खाद्यासाठी लायसिन तयार करतात. ज्वारीत जे कमी, ते कारखान्यात असे बनते.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर

आता परत धुऱ्यावर येऊ. काकांनी विचारले होते, की गाठीतला जंतू नत्र स्वतः का खाऊन टाकत नाही? उत्तर असे आहे, की गाठीत गेल्यावर त्याची हीच व्यवस्था पालटलेली असते. मोकळ्या मातीत रायझोबियमला नत्राची टंचाई भासली, की तो कोठार उघडतो आणि दिसेल तो अमोनिया आत ओढतो. गाठीत मात्र अमोनिया आत घेणारे दार बनवण्याचे काम सुरुवातीलाच बंद पडते आणि ग्लुटामिनचे कोठारही मंद असते. नत्र धरण्याचे यंत्र तेवढे जोरात चालते. तयार झालेला अमोनिया बाहेर झिरपतो आणि झाड तो उचलते. म्हणजे हा परोपकार नव्हे. हाती नत्र आहे, पण तो वापरण्याची वाट बंद आहे.

मग जिवाणू जगतो कशावर? २००३ साली इंग्लंडच्या फिलिप पूल यांच्या गटाने वाटाण्याच्या गाठींत दाखवले, की झाड आणि जिवाणू यांच्यात अमिनो आम्लांची देवाणघेवाण चालते आणि तिच्याशिवाय नत्राचा व्यवहार नीट होत नाही. २००९ साली त्याच गटाने पुढचे पान उलटले. वाटाण्याच्या गाठीतला जिवाणू ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्ले स्वतः बनवणे जवळजवळ बंद करतो आणि त्यांच्यासाठी झाडावर अवलंबून राहतो. झाडाने ती दिली तरच तो गाठीत नीट वाढतो आणि टिकतो. १९५६ साली अंबार्गर ज्या आयसोल्यूसिनच्या मागे होते, तेच हे आयसोल्यूसिन! जो जंतू साखर आणि अमोनियावर विसाच्या वीस अमिनो आम्ले बनवू शकतो, तोच गाठीत वाढपाची वाट पाहतो. किल्ली झाडाच्या हाती आहे.

मी काकांना ‘मैत्री’ म्हणालो होतो. आज विचारले असते, तर म्हणालो असतो, ‘‘काका, हा सालदार आहे. त्याच्या घरची चूल बंद आहे आणि जेवण मालकाकडे आहे.’’ ही उपमाही पूर्ण बरोबर नाही, कारण गाठ सुकल्यावर त्यातले काही जिवाणू मातीत परततात आणि पुन्हा आपली चूल पेटवतात. पण ‘मैत्री’पेक्षा ती खऱ्याच्या जवळ आहे. काकांचा संशय शास्त्राच्या पुस्तकापेक्षा काही वर्षे पुढे होता, हे मला त्यांना सांगायचे राहून गेले. ते आता नाहीत. वावर त्यांचा मुलगा करतो. ज्वारी जाऊन सोयाबीन आणि पऱ्हाटी आली आहे, तुरीचे तास मात्र आहेत.

त्या मुलाने एकदा तुरीला युरियाचा जादा हात दिला. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात जवळपास २१ किलो नत्र असतो. तो बनवायला कारखान्यात चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. गाठीतला जिवाणू हेच काम आपल्या जमिनीच्या तापमानाला करतो. पण मातीत आयता नत्र भरपूर झाला, की झाड गाठी कमी धरते, आणि असलेल्या गाठीही सुस्तावतात. सालदाराला सुट्टी आणि बाजारातून मजूर, असा हा व्यवहार. तुरीला सुरुवातीला थोडा नत्र देतात तो ठीक आहे. त्यापुढचे पोते म्हणजे फुकट मिळणाऱ्या मालाचे पैसे मोजणे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला खर्चाचा एकेक रुपया किती जड असतो, हे इथे सांगायला नको.

त्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या. पेरणीआधी दहा-पंधरा किलो बियाण्याला जिवाणू संवर्धकाचे एक पाकीट गुळाच्या पाण्यातून चोळायचे, बियाणे सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे. पाकिटावरची मुदत पाहायची आणि ते उन्हात ठेवायचे नाही, कारण आत जिवंत जीव आहे. तुरीसाठी तुरीचे आणि सोयाबीनसाठी सोयाबीनचेच पाकीट घ्यायचे. आणि दुसरे, पीक फुलोऱ्याआधी असताना एखादे झाड अलगद उपटून गाठ फोडून पाहायची. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

प्रयोगशाळांमध्ये आता उलटा प्रयत्न चालू आहे. डाळवर्गीय नसलेल्या मक्यासारख्या पिकांच्या मुळाशी राहणाऱ्या जिवाणूंमधला पी-टूसारखा बंदोबस्त सैल करायचा, म्हणजे नत्र असूनही ते धरत राहतील आणि जास्तीचा पिकाला मिळेल. हे कोडे सोपे नाही. ‘पुरे’ म्हणणे सोडून दिलेला जिवाणू मातीत इतरांशी स्पर्धा करताना मागे पडतो, कारण तो स्वतःची शिदोरी वाटून टाकतो. कोट्यवधी वर्षे जो टिकला, तो कुठे थांबायचे हे कळल्यामुळेच टिकला.

दरवर्षी १ जुलैला, वसंतरावांच्या जयंतीला, आपण कृषिदिन साजरा करतो. सत्कार होतात, भाषणे होतात. त्या दिवसांत पेरण्या झालेल्या असतात आणि तुरीच्या कोवळ्या मुळांवर गाठी धरायला लागलेल्या असतात. पुढच्या खेपेला शाळेतल्या मुलांनी सभामंडपातून उठून जरा धुऱ्यापर्यंत जावे. एक रोप उपटावे. आणि कुणी मागून विचारलेच, की या जंतूचं काय अडलं हाये, तर शिक्षकांनी माझ्यासारखे हसून वेळ मारून नेऊ नये.